झाकलेली बादली

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, तसे ज्योत्स्नाने आपले अनवाणी पाय स्टुलाखाली ओढून घेतले. नवरात्राच्या सहा दिवसांत तळवे भेगाळून काळे पडले होते. पट्टा फुगत गेला, दंड आवळला गेला, आणि त्याच वेळी छातीतून ती लाट वर चढायला लागली. आधी गळा, मग कानाच्या पाळ्या, मग डोक्याची कातडी. कपाळावरचं कुंकू घामाने विरघळून भुवईत उतरलं. तिने ते पुसलं नाही. पुसलं असतं तर बाकावरच्या सगळ्यांचं लक्ष गेलं असतं.

शेखर डॉक्टरांच्या तपासायच्या खोलीतच भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. पुढच्या तीन-चार पेशंटांनी आधीच आत येऊन बसायचं, म्हणजे वेळ जात नाही, ही डॉक्टरांची पंचवीस वर्षांची पद्धत. सातपूर कॉलनीतल्या निम्म्या घरांची दुखणी त्या बाकाने ऐकली होती. आज त्यावर खोकणारे एक म्हातारे बाबा होते, तापाचं लेकरू मांडीवर घेतलेली एक बाई होती आणि टोकाला भागीबाई होत्या. त्या ज्योत्स्नाच्याच गल्लीतल्या. नवरात्रात रोज संध्याकाळी तिच्या घरी आरतीला यायच्या.

"बीपी ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "काय होतंय?"

ज्योत्स्नाने तोंड उघडायच्या आत सासू बोलली. लंकाबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. एकदा बसल्या की गुडघे उठू देत नसत.

"दिव्यापाशी बसवत नाय तिला, डॉक्टर. देवघरात अखंड दिवा हाये, पंखा लावता येत नाय. काल तेल घालता घालता उठली आन् न्हाणीत पळाली. डोक्यावर पाणी वतून घेतलं. इकडं वात खाली चालली. मी खुर्चीतून नुसती हाका मारत बसले, मला कुठं वाकता येतंय? विझला असता म्हणजे?"

"विझला नाही ना?"

"नाय विझला. पण तीन दिवस निघायचे हायेत अजून."

"हिचं लई कडक असतं हो डॉक्टर," भागीबाई बाकावरून म्हणाल्या. "सकाळची माळ चढेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. आमच्यानं नाही होत बाई."

"हे देवीने सांगितलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही औषध द्या. देवीचं आम्ही बघू," लंकाबाई म्हणाल्या.

लेकराची आई हसली. ज्योत्स्नाही हसली, कारण हसायला हवं होतं.

वर्षभरात ती चौथ्यांदा या स्टुलावर बसली होती. पहिल्यांदा कॅल्शियम मिळालं, दुसऱ्यांदा ताकदीच्या गोळ्या, तिसऱ्यांदा झोपेच्या. झोपेच्या गोळीने झोप यायची नाही, सकाळी जीभ तेवढी जड व्हायची. कंपनीत ती मालाच्या तपासणीवर होती. ट्रेमधले पितळी पार्ट एकेक उचलून, खाच बघून, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचे. अठरा वर्षं हात आपोआप चालले होते. गेल्या महिन्यात तिने अख्खा ट्रे चुकीच्या बाजूला ठेवला. सुपरवायझर ओरडला नाही. "मावशी, घरी काही आहे का?" एवढंच त्याने विचारलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. नवरा वाल्मीक म्हणाला, डॉक्टरला दाखवून घे. मुलगी सायली पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, नुसतं अशक्तपणा अशक्तपणा करत बसू नकोस, हार्मोनच्या गोळ्या असतात, त्यांना स्पष्ट विचार. स्पष्ट विचारायचं तर बाक होता.

पण आज डॉक्टरांनीच जुने कागद उलटसुलट करून बाजूला ठेवले.

"हे टॉनिकवर भागणारं नाही. पाळी गेल्यानंतरचं आहे सगळं. हार्मोनची गोळी सुरू करू. खरं तर मागेच करायला हवी होती."

"त्यानं कॅन्सर होतो म्हणतात," भागीबाई म्हणाल्या.

"भागीबाई, तुमचा नंबर आला की बोला." डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. "घरात कुणाला छातीची गाठ? पायात रक्ताची गुठळी?"

"नाही."

"पाळी बंद होऊन किती झालं?"

"माघात तीन वर्सं झाली," लंकाबाईंनी सांगितलं.

"त्यानंतर कधी अंगावर गेलं? लाल? डाग, थेंब, काहीही. नीट आठवून सांग. बाकी सगळं यावर आहे."

बाबांचा खोकला थांबला. भागीबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. लंकाबाईंनी टेबलावरचा हात उचलला, आणि परत होता तिथे ठेवला.

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"दुसरी कुठली गोळी चालू?"

"नाही."

डॉक्टरांनी लिहायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वी माघात, सलग बारा महिने कोरडे गेल्याची खात्री झाल्यावर, लंकाबाईंनी देवघरातला तांब्याचा तांब्या चिंचेने घासून तिच्या हातात दिला होता. "सुटलीस," त्या म्हणाल्या होत्या. "आता देवाचं सगळं तुझ्याकडं." ज्योत्स्नाला तेव्हा खरोखर आनंद झाला होता. त्याआधीची तेवीस नवरात्रं तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खाऊन काढली होती. गौरींना गोळ्या, नवरात्राला गोळ्या, दिरांच्या लग्नात गोळ्या. नऊ दिवस घटाला हात लावता यावा म्हणून पोट फुगलेलं, डोकं ठणकणारं, तरी ती तक्रार करत नव्हती. घरात वाकून घट बसवू शकणारी ती एकटीच होती.

मग या श्रावणात, शुक्रवारचं पुरण वाटत असताना, परकराला डाग लागला. तिने तो कुणाला सांगितला नाही. सांगितलं असतं तर पाट्यापासून उठावं लागलं असतं आणि पुरण टाकून द्यावं लागलं असतं. पुढे गौरींच्या आधी पुन्हा गेलं. पितृपंधरवड्यात पुन्हा. घट बसायला तीन दिवस उरले तेव्हा ती दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये गेली आणि नेहमीच्या सवयीने नेहमीच्या गोळ्या मागितल्या. गोळ्यांनी काम केलं. एक थेंब आला नाही. सहा दिवस ती रोज घटावर खुरासणीच्या फुलांची माळ टांगत होती, मातीला पाणी घालत होती. फक्त तसबिरीतल्या देवीच्या डोळ्यांकडे तिने पाहिलं नव्हतं. सप्तशृंगीचे ते मोठे डोळे. त्यांना कळलं आहे हे तिला माहीत होतं, आणि त्याची तिला फारशी भीती वाटत नव्हती. भीती बाकाची होती.

"रोज एक, रात्री जेवण झाल्यावर," डॉक्टरांनी कागद पुढे केला. "महिन्याने दाखवायचं. आठ-दहा दिवसांत फरक पडेल. झोप लागेल तुला."

झोप हा शब्द ऐकून ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कागदाची चारपदरी घडी केली.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. लंकाबाई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरल्या. खाली आल्यावर त्यांनी मेडिकलकडे बोट केलं.

"घेऊन टाक."

"उद्या घेते ना. तुम्हाला उन्हात—"

"आता घे. पाय कुठं परत परत आणू इथवर?"

काउंटरवर मेडिकलवाला जीवन होता. त्याने कागद वाचला, मागच्या फळीवरून पाकीट काढलं, आणि ते पुढे सरकवता सरकवता थांबला. आवाज त्याने खाली आणला, पण लंकाबाई हातभर अंतरावर होत्या.

"वहिनी, त्या दिवशी पुढे ढकलायच्या नेल्या होत्या, त्या आता बंद ना? डॉक्टरांना सांगितलंय ना त्याचं?"

ज्योत्स्ना पाकिटाकडे पाहत राहिली.

"नाही म्हणजे, तुमच्या घरात कुणासाठी नेल्या असतील तर प्रश्न नाही. पण तुमच्यासाठी असतील तर हे सुरू करू नका लगेच. पाळी गेल्यावर परत जात असलं आणि वरून असल्या गोळ्या घेतल्या, तर आतलं झाकून जातं. मग जे असेल ते कळतच नाही, उशीर होतो."

"किती झाले?" लंकाबाईंनी विचारलं.

जीवनने आकडा सांगितला. लंकाबाईंनी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून दिल्या, पाकीट स्वतःच्या हातात घेतलं आणि जिन्याकडे वळल्या.

"आई, रिक्षा इकडे आहे."

लंकाबाईंनी कठड्याला हात घातला होता. पहिली पायरी. दुसरी. ज्योत्स्ना मागून चढली. वर पोचेपर्यंत लंकाबाईंना धाप लागली.

आत स्टुलावर आता म्हातारे बाबा होते, शर्ट वर करून.

"सगळे बाहेर व्हा," लंकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "काय झालं?"

"बाबा, तुम्ही बी. लेकराला घे ग बाई. भागी, ऊठ."

"अगं पण माझा नंबर आलाय आता."

"नंबर कुठं पळून चालला नाय. ऊठ."

भागीबाई उठल्या, जाताना ज्योत्स्नाला डोक्यापासून पायापर्यंत बघत गेल्या. दाराला आतून कडी नव्हती. पंचवीस वर्षांत ती कुणाला लागली नव्हती. लंकाबाईंनी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"तिला जातंय," त्या म्हणाल्या. "श्रावणापासनं. तीनदा. घरात घट हाये म्हणून खालनं गोळ्या आणून दाबून ठेवलंय."

ज्योत्स्नाने मान वर केली. गोळ्यांचं जीवनने सांगितलं होतं. श्रावणाचं कुणीच सांगितलं नव्हतं. तीनदाचंही नाही.

डॉक्टरांनी नळी टेबलावर ठेवली. मग त्यांनी हात पुढे केला. "तो कागद दे." घडी उलगडून त्यांनी त्यावर एक तिरकी रेघ मारली. लंकाबाईंच्या हातातलं पाकीट घेऊन खणात टाकलं. नंतर एकेक विचारत गेले. कधी, किती दिवस, किती कपडे, रंग कसा, दुखतं का. ज्योत्स्ना टेबलाच्या काचेकडे बघून उत्तरं देत होती. काचेखाली जुनं कॅलेंडर होतं. पहिली दोन उत्तरं जड गेली, पुढची आपोआप आली. या खोलीत ती पहिल्यांदाच सलग पाच वाक्यं बोलत होती.

"या पुढे ढकलायच्या गोळ्या," डॉक्टर मध्येच म्हणाले, "पहिल्यांदा मीच लिहून दिल्या होत्या ना तुला?"

"सायली दोन वर्षांची होती तेव्हा. घटच होते."

"त्यानंतर?"

"त्यानंतर लागलंच नाही लिहून. मेडिकलवाला देतो."

डॉक्टरांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "त्याही हार्मोनच्याच असतात," ते म्हणाले, आणि नव्या कागदावर लिहायला लागले.

"घामाचं आणि झोपेचं नंतर बघू. ते मी विसरणार नाही, पण आधी हे. उद्या सकाळी दहाला पिशवीची सोनोग्राफी. मी आत्ता फोन करून ठेवतो. पिशवीच्या आतलं अस्तर किती जाड आहे ते बघायचं. जाड निघालं तर त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. गोळ्या आजपासून बंद. बंद केल्यावर पुन्हा जाईल. जाऊ दे. आणि ज्योत्स्ना, लपवायचं नाही."

"काय असेल?"

"बघू उद्या." त्यांनी पेन बंद केलं. "सकाळी चार ग्लास पाणी पिऊन जायचं. लघवी धरून ठेवायची, नाहीतर नीट दिसत नाही. चार. मोजून."

रिक्षात दोघींच्या मध्ये चपलांची पिशवी होती. लंकाबाईंच्या चपला, त्यांनी वर चढताना काढलेल्या आणि मग घालायच्या राहून गेलेल्या. कंपन्या सुटल्या होत्या. बस आणि मोटारसायकलींच्या गर्दीत रिक्षा अडकली.

"तुम्हाला कसं कळलं?" ज्योत्स्नाने विचारलं.

लंकाबाईंनी मान रस्त्याकडे वळवली.

"परकर भिजत घालायचीस त्या बादलीवर ताट झाकायला लागलीस. धुण्याच्या बादलीवर ताट कोण झाकतं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझी चिमणाबाई झाकायची. थोरली बहीण. कळवणला असताना. आम्ही म्हणायचो, काय पाली पडत्यात का तुझ्या बादलीत. हसायचो. वरीसभर झाकली तिनं. मग नाशिकला आणली तर डॉक्टर म्हणाला, आता कशाला आणली."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. पुढची बस हलली.

"म्हणजे तुम्हाला श्रावणापासून माहीत होतं," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि चिमणामावशींचंही माहीत होतं. मग मला बोलल्या का नाहीत?"

लंकाबाईंनी गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरला, नामजप करताना फिरतो तसा. एका पेरावर येऊन थांबला.

"घट कुणी बसवला असता?" त्या म्हणाल्या.

रिक्षा गल्लीत येऊन थांबली.

ज्योत्स्ना देवघराच्या उंबऱ्याशी आली आणि आपणहून बाहेर थांबली. कुणी तिला सांगितलं नाही, कुणी आत ये म्हणालंही नाही. वाल्मीक दुसऱ्या पाळीला गेला होता. संध्याकाळी भागीबाई आणखी दोघींना घेऊन आरतीला आल्या. लंकाबाईंनी एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्या हाताने निरांजन ओवाळलं. ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. भागीबाई तिच्याकडे वळून वळून बघत होत्या आणि आरती नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणत होत्या. प्रसाद द्यायला त्या दारापर्यंत आल्या, आणि साखरफुटाणे तिच्या हातावर वरून सोडले.

रात्री बाहेरच्या खोलीत ती पंख्याखाली आडवी झाली. सहा रात्रींनंतरचा पहिला पंखा. लाटा यायच्या त्या आल्याच. दर वेळी डोळे उघडले की देवघराच्या दारातून खुर्चीतली लंकाबाईंची पाठ दिसत होती, आणि भिंतीवर दिव्याचा उजेड.

सकाळी तिला जाग आली ती ओटीपोटात ओढ लागल्याने. रात्रीची गोळी तिने घेतली नव्हती. ती न्हाणीत जाऊन आली, परकर बादलीत टाकला, पाणी सोडलं. सवयीने तिचा हात मांडणीवरच्या ताटाकडे गेला. तिने तो मागे घेतला. बादली तशीच उघडी ठेवून ती बाहेर आली.

देवघरात लंकाबाई खुर्चीच्या कडेला बसून वाकायचा प्रयत्न करत होत्या. खुरासणीची माळ त्यांनी अर्धीच ओवली होती. पिवळी फुलं त्यांच्या मांडीत पसरली होती. सातवी माळ. काल संध्याकाळपासून घटाला पाणी मिळालं नव्हतं. गव्हाचे कोंब वीतभर वाढले होते आणि कडेने माना टाकत होते. त्यांनी तांब्याचा तांब्या उचलला, एक हात घटाकडे नेला. गुडघा वाकेना. पुन्हा एकदा नेला. तोंडातून आवाज निघाला तो त्यांनी गिळला.

ज्योत्स्ना उंबऱ्याबाहेर बसून बघत होती. तिच्यात आणि घटात चार पावलांचं अंतर होतं. पायांनी ते अंतर जायची एवढी सवय होती की तिला हाताने आपले घोटे धरून ठेवावे लागले.

साडेआठ वाजले होते. माळ चढली नव्हती. तिच्या ओठांवर कालपासूनचं कोरडेपण होतं.

लंकाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग देवीच्या तसबिरीकडे पाहिलं. मग त्या खुर्चीचा हात धरून उठल्या, मांडीतली फुलं जमिनीवर सांडली, आणि तांब्या घेऊन उंबऱ्यापाशी आल्या. येताना कोनाड्यातला स्टीलचा ग्लास उचलला. घटासाठी भरलेलं पाणी त्यांनी ग्लासात ओतलं. थोडं फरशीवर सांडलं.

"माळ व्हायचीये अजून," ज्योत्स्ना म्हणाली.

"पी."

तिने ग्लास घेतला. पाण्याला तांब्याचा वास होता. दोन वर्षं हे पाणी ती फक्त घालत आली होती. तिने तो रिकामा केला.

लंकाबाईंनी दुसरा ग्लास भरला. मग तिसरा. दोघींपैकी कुणी एकमेकींकडे पाहत नव्हतं. आतल्या दिव्याची वात खाली चालली होती. लंकाबाईंनी एकदा मान वळवून तिकडे पाहिलं, आणि तांब्या पुन्हा वाकवला. शेवटचं पाणी ग्लासाच्या निम्म्यावरच आलं.

"चार म्हणाला होता ना तो," त्या म्हणाल्या. "थांब, भरून आणते."